हौदाचं पाणी हिरवंच

अमरावती, दि. ९ मार्च २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि. इकडं सारं ठीक, एक पाणी सोडून.

तुले फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहायले बसलो, नाहीतर बोंब मारूनच सांगतलं असतं. दुर्गाच्या छातीच्या ऑपरेशनले पाच महिने झाले. एक बाजू काढली, जीव वाचला, पण उजवा हात सुजूनच राहिला. परवा बांगड्या कापून काढाव्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास गळाभर पाण्यात उभं राहून हात हलवा, नाहीतर तो कायमचा जड होईन. म्हणून आपल्या पोरीनं, पौर्णिमानं, मायसाठी पुण्याहून सुट्टी काढून मागच्या अंगणात पोहण्याचा हौद बांधून घेतला. निळ्या फरश्या, फिल्टर, सारं. अट एकच, पाणी स्वच्छ पायजे. या हाताले साधं इन्फेक्शन झालं तरी पुन्हा दवाखाना.

अन् तेच जमून नाही राहिलं! पस्तीस वर्षं अंजनगावच्या शाळेत पोट्ट्यायले विज्ञान शिकवलं, अन् मले हौदभर पाणी निवळता येत नाही. क्लोरीन टाकलं की दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी हिरवं. शेजारच्या देवमननं तुरटी फिरवायले लावली. फिरवली. पाणी आधी दुधासारखं झालं, मग हिरवं. विहिरीत टाकतात ती लाल दवा टाकली तर वांग्याच्या रंगाचं झालं. दुर्गा काठावर येऊन पाहते अन् आत जाते. डोकं फिरून गेलं बाप्पा.

उत्तर धाडजो. माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
गोवर्धन


अकोला, दि. १७ मार्च २०२५

चि. गोवर्धन यास अनेक आशीर्वाद.

आमच्या गल्लीत नळ पाच दिवसाआड येते, अन् माह्या भावाच्या घरी हौदच्या हौद नासून राहिला! लहानपणी तू मायच्या रांजणात नीळ कालवून प्रयोग केला होता, त्या दिवसापासून पाण्याचं अन् तुहं काही जमत नाही. मायनं तेव्हा दोन दिल्या होत्या, कमी पडल्या.

पण खरं सांगू का? दोन पानं लिहिले, सारे पाण्याचे. दुर्गा काय म्हणते ते कुठी हाये? तिले विचारलं का कधी? विचार अन् मले कळव. जेवणखाण वेळेवर करत जा.

तुही बहीण,
सुभद्रा


अमरावती, दि. ३ एप्रिल २०२५

ती. अक्कास, शि. सा. न.

विचारलं. काही नाही म्हणते. आता काय करू?

पाडव्याले चमत्कार झाला होता. पाणी असं निवळलं की तळाची फरशी न् फरशी दिसे. मी बरोब्बर समोर खुर्ची टाकून बसलो, घड्याळ लावलं. दुर्गा गाऊन घालून आली, पहिल्या पायरीवर बसली, पाय बुडवले, अंगावर पाणी घेतलं, अन् पाच मिनिटात थंडी वाजते म्हणून उठली. अमरावतीत, एप्रिलच्या तोंडावर थंडी! अन् दोन दिवसानं पाणी पुन्हा हिरवंगार.

हौदाची औषधं विकणारा चंद्रभान येऊन पट्टी बुडवून पाहून गेला. म्हणे, मास्तर, तुमी यात काहीतरी टाकून राहिले. मी त्याले सांगतलं की मी काय येडा आहो? दिवसभर उन्हात जाळी घेऊन शेवाळ काढतो, पाठीचे तुकडे पडले. इकडं सूज बोटांपर्यंत उतरली, तिले भाकर थापता येत नाही. काल मी तिच्यावर ओरडलो, की तुह्यासाठीच मरून राहिलो, अन् तुले काही पडलेलीच नाही. ती जेवली नाही. मग मीही जेवलो नाही.

कंटाळलो अक्का. तू तरी रागावू नको.
गोवर्धन


अमरावती, दि. ८ एप्रिल २०२५

ती. अक्काबाईंस दुर्गाचा नमस्कार.

डाव्या हातानं लिहून राहिली, अक्षर संभाळून घ्या. तुमच्या भावाले सांगू नका, तुमाले शपथ हाये.

पाणी मी नासवते. हे सकाळी दूध आणायले गेले की गुलाबाच्या युरियाचा डबा उघडते अन् मूठभर हौदात टाकते. डबक्यात खत गेलं की पाणी कसं हिरवं होते, हे शेतकऱ्याच्या पोरीले कोणी शिकवा नाही लागत.

काय करू? ऑपरेशन झाल्यापासून यायच्यासमोर मी साडी बी बदलली नाही. पाडव्याले पायरीवर बसली, गाऊन ओला होऊन अंगाले चिकटला, अन् पाण्यात सारं आरशावानी दिसे. एकीकडची बाजू सपाट. अन् हे समोर खुर्ची टाकून टक लावून बसलेले. लाज वाटते हो. हिरव्या पाण्यात गळ्यापर्यंत उतरली तर कोणाले काही दिसणार नाही. मले वाटे, कंटाळून हे तसंच उतरू देतील. पण हे कंटाळतच नाहीत. मास्तर पडले! उन्हात जाळी ओढतात अन् मी खिडकीतून पाहून रडते. एवढ्या हौसेनं केलं, नाही म्हणायले तोंड उघडत नाही.

हात लय ठणकते. तुमीच काही सांगा.
तुमची,
दुर्गा


अकोला, दि. १५ एप्रिल २०२५

चि. गोवर्धन यास आशीर्वाद.

सोबतची बंद चिठ्ठी दुर्गासाठी हाये. फोडली तर तुले माही आण.

आता मुकाट्यानं ऐक. तुह्या गुलाबाचं सारं खत आजच देवमनले देऊन टाक. दुसरं, हौदासमोरची ती खुर्ची फिरव. हौदाकडं पाठ करून बस, पेपर वाच, अन् ती म्हणत नाही तोवर मान वळवायची नाही. काहून, ते विचारू नको. मोठ्या बहिणीचं एवढं ऐक. दुर्गा तुही बायको हाये, प्रयोगशाळेतली नळी नाही.

सुभद्रा


अमरावती, दि. १० मे २०२५

ती. अक्कास, शि. सा. न.

खत देताना डबा पाहिला, पार तळाले गेलेला. मी तर वर्षभरात दोनदाच उघडला होता. चंद्रभानचं बोलणं आठवलं अन् समजलं. दुर्गाले मी काही बोललो नाही, अन् बोलणारही नाही.

पाणी पाचव्या दिवशी निवळलं. मी पाठ करून बसलो. पहिले दोन दिवस मागं काहीच आवाज नाही. पेपरातली तीच ती जाहिरात वाचली, मान आखडली, रागही आला. तिसऱ्या दिवशी मागं पाणी वाजलं. मग रोजच वाजू लागलं. परवा डॉक्टरनं टेप लावून पाहिलं, हाताची सूज दोन बोटं कमी झाली.

अन् काल मागून दुर्गा म्हणाली, किती येळ भिंत पाहता, खुर्ची इकडं करा. मी केली. गाऊन ओला होता. जे गेलं ते मी पहिल्यांदा पाहिलं, अन् तिनं मले पाहू दिलं. अक्का, मले रडू आवरेना. तर ती म्हणते कशी, रडायचं असन तर नळाजवळ जा, डोळ्यातलं खारं पाणी हौदात पडलं तर तुमचं गणित पुन्हा बिघडन.

तुझा,
गोवर्धन