कांदळवनात एकटीला सोडतात का?

प्रिय मिनल,

सात वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट दोनदा उलटसुलट केलं असशील. हो, तीच शाहीन, कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमधली, तुझ्या शेजारच्या मशीनवरची. दिवाळीच्या सुट्टीत कंपनीतली विजयश्री घरच्यांना घेऊन तुमच्या खाडीतलं कांदळवन उद्यान बघून आली आणि मला फोटो दाखवत बसली. एका फोटोत फळ्यांच्या वाटेवर उभी राहून एक बाई हात वर करून लोकांना काहीतरी बजावत होती. विजयश्री म्हणाली, "ही तिथली गाइड. फार कडक आहे बाई! जॅकेटचा एक बंद सुटा दिसला तरी होडी हलू देत नाही." विजयश्री कंपनीत तुझ्यानंतर लागली, तिला काय ठाऊक? मी मात्र त्या हाताकडे बघितलं आणि बोटं मोजायच्या आधीच तुला ओळखलं. तिनं आणलेल्या माहितीपत्रकावर उद्यानाचा पत्ता होता. ते मी मागून घेतलं.

मला तिकडं यायचंय, मिनल. पत्रक इतक्या वेळा वाचलंय की घडीवर फाटायला आलंय. ओहोटीला फळ्यांवरून चालायचं, भरतीला होडी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा फळ्या निसरड्या होतात, गुडघे दुखणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत. माझा उजवा गुडघा बारा वर्षं उभ्यानं काम करून गेलाच आहे. म्हणून कॅलेंडर काढलं. तुमची पौर्णिमा म्हणजे आमचा चौदावा चाँद, पाणी दोघांचंही ऐकतं. चाँदची आठवी तारीख धरली तर पाणी फार चढणार नाही आणि फार उतरणारही नाही, बरोबर ना? तू कँटीनमध्ये सांगायचीस, तुझे वडील तिथीवरून भरतीची वेळ काढायचे, आणि अष्टमीचं पाणी गरीब असतं म्हणायचे. तेव्हा मी हसले होते. आता त्याच गरीब पाण्याच्या भरवशावर बेत करतेय. मागं पट्टा असलेली सँडल घेतली. ओढणी जॅकेटच्या आत खोचली तर चालेल ना? पोहता येत नाही, पाणी म्हणजे मला फक्त इंद्रायणीचं माहीत, तेही पुलावरून. वल्लभनगरच्या स्टँडवर गाडीची चौकशी करून आले. खिडकीतला माणूस म्हणाला, "किती जण?" मी म्हटलं, "एक." तो म्हणाला, "मावशी, कोकणात एकटं काय जाताय? घरचे न्या की सोबत."

घरचे म्हणजे कोण, ते त्याला कुठं सांगत बसू? अनिसना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं डायलिसिस तुला आठवत असेल. आठवड्यातून दोनदा मी शिफ्ट बदलून घ्यायचे आणि तू न विचारता हो म्हणायचीस. उमर दोह्याला आहे. शुक्रवारी फोन करतो, चांगला मुलगा आहे, पण पाच मिनिटांनी दोघांचंही बोलणं संपतं. मग तो विचारतो, "अम्मी, जेवलीस का?" आणि मी हो म्हणते. कुरुळीतली आपली चाळ पाडून तिथं चार मजले झालेत. खोल्यांतून पोरं येतात, सहा महिने राहतात, दुसऱ्या कंपनीत लागली की जातात. समोरच्या दारात कोण राहतं ते मला ठाऊक नाही. गेल्या रमजानच्या आधी मी काम सोडलं. पहिले काही दिवस सकाळी सहाला तयार होऊन बसायचे, बसचा हॉर्न ऐकायचे आणि बस निघून गेली की चप्पल काढून ठेवायचे. परवा तुमच्या उद्यानाचा फॉर्म भरायला घेतला. सोबत येणाऱ्यांची नावं लिहायला चार रेघा, त्या तशाच राहिल्या. खाली 'तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं?' उमरचा दोह्याचा नंबर लिहिला आणि खोडला. तिथून तो काय करणार? शेवटी कोऱ्या जागेकडे बघत बसले. एकटीला आत सोडतात का, हे पत्रकात कुठंच नाही.

अशा वेळी तुझी फार आठवण येते. नवीन लागले तेव्हा प्रेसच्या पहिल्या आवाजालाच मी दचकून मागं सरले होते. तू म्हणालीस, "शाहीनताई, मशीनला घाबरायचं असतं. घाबरणं सोडलं की ती चावते." दर शिफ्टला आधी सेन्सरसमोर हात धरून मशीन थांबते का ते बघायचीस, मगच काम. बाकीच्या हसायच्या, वेळ घालवते म्हणायच्या. त्या दिवशी तुला गेटवर उशीर झाला होता. शिफ्ट सुरू झालेली, सुपरवायझर सयाजीसाहेब घड्याळाकडे बघत उभे. तू धावत आलीस आणि त्या एकाच दिवशी बघायचं राहिलं. मी पहिली शिफ्ट संपवून हात धुवत होते. तुझा आवाज नाही ऐकला, मशीन थांबल्याची शांतता ऐकली.

चौकशीत माझा जबाब घेतला. 'मिनल यांनी काम लवकर व्हावं म्हणून सेन्सरवर स्वतः टेप लावली,' आणि खाली माझी सही. सयाजीसाहेबांनी कागद पुढं करताना एवढंच विचारलं, "अनिसभाईंचं विम्याचं कार्ड चालू राहायला पाहिजे ना?" त्या कागदावर तुझं काम गेलं, भरपाई नाकारली, आणि पट्टी बांधलेला हात घेऊन तू गावी निघून गेलीस. जाताना गेटपाशी माझ्याकडे बघितलंस, काही बोलली नाहीस. तू बोलली असतीस तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं. आता कळतं, बोलायला मी हवं होतं.

ती सही तू बघितलीस, ती तुला ठाऊक आहे. जे ठाऊक नाही, त्यासाठी हे पत्र लिहितेय. ती टेप मी लावली होती, मिनल. सकाळी माल कमी निघत होता, सयाजीसाहेब म्हणाले "लावा", आणि मी माझ्या हातानं लावली. शिफ्ट संपल्यावर काढायची विसरले. तुझ्या मशीनवर त्या दिवशी आधी मीच होते, हे कुणी विचारलंच नाही. अनिस गेल्यावर कार्डाचं कारण संपलं, तरी तीन वर्षं मी गप्प राहिले. त्याला काही कारण नाही. गेल्या सोमवारी हे सगळं लिहून, सही करून कामगार कार्यालयात दिलं. सयाजीसाहेबांचं नाव लिहिलं आणि माझंही. तिथल्या बाई म्हणाल्या, "फार जुनं प्रकरण आहे, काय होईल सांगता येत नाही." शिक्का मारलेली प्रत सोबत पाठवतेय. वकिलाला दाखव, मी लागेल तिथं उभी राहीन, तुला मी समोर नको असले तरी. खाडी, होडी, कॅलेंडर हे सगळं खरं आहे, पण मला यायचंय ते हे तुझ्यासमोर उभं राहून सांगायला. तुला चालत असेल तर एक ओळ लिही. नको असेल तर लिहू नकोस, मी येणार नाही, आणि त्यात तुझं काही चुकलं असं वाटून घेऊ नकोस.

तुझीच म्हणायचा हक्क मी घालवला, तरीही तुझीच,
शाहीन