त्या पितळेला हात लावू नका

प्रिय बाबा,

पुन्हा तेच! "एका जागी टिकत नाहीस, पायाला भिंगरी लागलीय." आणि तुम्ही हो? सगळा जन्म अर्सुआ बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये वर-खाली केलंत आणि शेवटी तळमजल्यावरच उतरलात. मी निदान मोंतेविदेओ सोडून पनामापर्यंत तरी पोचलो. असं म्हटलं की तुमचं ठरलेलं, "गाढवा, मी माणसं पोचवली. तू फक्त स्वतःला पोचवतोस." अजून लागतं ते.

बिल्डिंग पाडली हे तुम्ही कळवलंच नाहीत. पत्रात नुसता कांद्याचा भाव आणि नातवाचा पडलेला दात. शेवटी मिर्ताताईने सांगितलं. म्हणाली, तिथे काचेचा टॉवर येतोय, आणि बाबा अजून रोज युनिफॉर्म घालून, काखेत थर्मास मारून निघतात. कुठे, तर इसिद्रोच्या वखारीत. पाडलेल्या घरांची दारं, फरशा विकतो ना तो, तिथे आपली लिफ्ट पडलीय. तुम्ही तिचं चालवायचं पितळी हँडल घासत बसता. इसिद्रो "या मास्तर" म्हणून खुर्ची देतो. देईल नाही तर काय! हँडल चमकलं की तो भाव वाढवतो. एका हॉटेलवाल्याला ते बारच्या भिंतीवर लावायचंय. स्वतःच्याच हाताने महाग करताय हो ते!

लिफ्ट मजल्याशी अगदी सपाट थांबवायचात तुम्ही. चौथ्यावर दातांचा डॉक्टर, म्हणून म्हणायचात, "माणूस आधीच घाबरलेला असतो, आपण कशाला धक्का द्यायचा?"

बाबा, जहाजावर आहे म्हणून लिहिलं होतं, ते खोटं. एका टॉवरच्या बांधकामावर सामानाची लिफ्ट चालवतो. वर सिमेंट, खाली माणसं. प्रत्येक मजल्याशी सपाट थांबवतो. मुकादम ओरडतो, "अरे, सिमेंटला ठेच लागते काय?" काय सांगू त्याला? हात आपोआप तसाच थांबतो.

म्हणून हे पत्र. अख्खी लिफ्ट माझ्या ऐपतीची नाही, पण हँडल कुणाच्या बारमध्ये जाऊ देणार नाही. शनिवारी ताई जाऊन घेईल. तोवर त्या पितळेला हात लावू नका, चांगलं काळवंडू द्या. घरी आलं की हवं तितकं घासा. इसिद्रोने काल ताईला सांगितलेला भाव आहे, तेवढेच पाठवतोय: बारा हजार पेसो.

तुमचाच भिंगरीवाला,
वाल्तेर