शवपेटीवरच्या दोन ओळी

मिलब्रूक, मॅसॅच्युसेट्स वसाहत
नवव्या महिन्याचा, म्हणजे नोव्हेंबरचा, सतरावा दिवस, सन १६८६

चर्चचे कारभारी डीकन एलनेथन कॉर्बिन यांस,

थप्, थप्, आणि मग लाकडावरून पीठ ओरबाडल्याचा आवाज. सकाळपासून कानात तोच आहे. शनिवारी सूर्य मावळायच्या आत, शब्बाथाचा विसावा लागण्यापूर्वी, माझी थोरली बहीण मेहिटेबल काथवटीत भाकर मळायची आणि मी चुलीपाशी बसून कविता घोकायचो. पुढे तीस वर्षं शाळेत पोरांना वृत्तं शिकवली, ती त्याच थापांवर.

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या पोटात पाणी झालंय, वैद्यानं वसंतापर्यंतची आशा सोडली, हे वाचलं. मी बरा आहे. गुडघे धरतात, सफरचंदं यंदा किडकी निघाली. तुम्ही लिहिता, "गावच्या रीतीप्रमाणे माझ्या शवपेटीवर टाचायला चार ओळी कर, पण आधी मला दाखव." दुसऱ्याच्या ओळी तपासायची हौस अजून फिटली नाही म्हणायची.

ओळी तयार आहेत. चार नाहीत, दोनच. तुमच्या ओळखीच्या:

प्रभो, मी तर जाडंभरडं पीठ,
बाह्या सारून मळ मला नीट.

आठवलं? तेहेतीस वर्षं झाली. चर्चच्या मंडळीत यायचं तर देवाची कृपा आपल्याला कशी कळली, याची साक्ष साऱ्या गावापुढे द्यावी लागते. बायकांनी तिथं तोंड उघडायचं नाही, म्हणून मेहिटेबलची साक्ष तुम्ही वाचलीत. या ओळींपाशी थांबलात, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "देवाला बाह्या असतात होय, बाई? उद्या त्याच्या कमरेला फडकं बांधशील."

पुरुषांची बाकं हसली. मग कागद उभा फाडलात. तिला मंडळीबाहेर ठेवलंत.

त्यानंतर अकरा वर्षं प्रभुभोजनाची भाकर तिच्याच हातची होती, कारण गावात तशी कुणाला जमत नव्हती. टोपली मेजावर ठेवायची आणि भोजनाआधी, मंडळीबाहेरच्या लोकांबरोबर, उठून निघून जायची. तुम्ही तिची भाकर मोडून वाटायचात. मी खायचो. शेवटच्या तापात तिनं विचारलं, "आता तरी देतील का रे एक तुकडा?" मी तुमच्या दारी आलो. तुम्ही निरोप पाठवलात, की नियम म्हणजे नियम.

म्हणून ठरवलंय. तुमच्या शवपेटीवरच्या काळ्या कापडावर मी याच ओळी टाचणार. अंत्ययात्रा गावातून जाईल, जो तो वाकून वाचेल. या खेपेला फाडायला तुमचा हात उठणार नाही. या दिवसासाठी मी तुमच्यापेक्षा जास्त जगायचं ठरवलं होतं. देवाकडे हिवाळ्यामागून हिवाळे मागून घेतले. हे पाप असेल तर असो, तेही मीच फेडीन.

इथं पत्र संपवणार होतो. पण थाप काही कानातून जाईना.

खरं असं की, मेहिटेबलनं ते म्हटलंच नव्हतं. ती एवढंच म्हणाली होती, "पीठ मळताना मला देव जवळ वाटतो. भाऊ, तू नीट लिही." साधं वाक्य. त्याला तुम्हीही बोट लावलं नसतं. नीट लिही म्हणाली, तर मी कविता केली. बाह्या माझ्या होत्या. त्या ओळी जमल्या, म्हणून रात्रभर मला आनंदानं झोप नव्हती. तिला वाचूनही दाखवल्या नाहीत.

कागद फाडण्याआधी तुम्ही विचारलंत, "हे शब्द कुणाचे?" तिनं माझ्याकडे पाहिलं. शाळेतली नोकरी मला नुकती मिळाली होती, ती तुमच्याच हातात होती. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. ती उभी राहून म्हणाली, "माझे."

दारावर कुणीतरी काठी आपटतंय. शेजारची विधवा दूध घेऊन आली असेल.

ती नव्हे. खिडकीतून बघतोय. बर्फात, सुनेचा झगा पांघरून, दोन काठ्यांवर तोल सावरत तू उभा आहेस, एलनेथन. टोपी काढलेली, ओठ निळे. तेहेतीस वर्षांत या उंबऱ्याशी आला नव्हतास. आता ओरडतोयस, "उघड, एबिएल. ओळी न्यायला आलोय."

मग जिवंतपणीच ने. हा कागद आधी तुझ्या हातात देईन, आणि तू वाचेपर्यंत दार अडवून उभा राहीन. टाचणी मेजावर काढून ठेवली आहे. ओळींखाली आता दोघांची नावं लिहिली आहेत, फाडणाऱ्याचं आणि गप्प बसणाऱ्याचं.

कडी काढतो.

तिची भाकर खाऊन तिला उपाशी उठू देणारा,
तिचा भाऊ
एबिएल थर्लो