सासरचं कासव

हिकरी फोर्क, मिझुरी
२४ जुलै

ती. लाव्हर्न वन्संना,

आर्डिथचा मनापासून नमस्कार. तुमच्या भावाचाही सांगितला असता, पण तो या क्षणी घरात नाही (घाबरू नका, हॉस्पिटलातही नाही, कुठे आहे ते ओघात येईलच). तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता ना? परवा टीव्हीवर सांगितलं, अ‍ॅरिझोनात एकशे चौदा डिग्री. तुम्ही म्हणणार, अगं आर्डिथ, ते कोरडं ऊन, अंगाला लागत नाही. वन्सं, माझा ओव्हनही आतून कोरडाच असतो, कोंबडीला विचारा लागतं की नाही ते. असो. इकडे बाकी सगळं क्षेम आहे, मक्याची कणसं भरली आहेत आणि टोमॅटो इतके आलेत की लोक मला लांबून येताना पाहून रस्ता बदलतात.

हे पत्र आभाराचं आहे, हे आधीच सांगून ठेवते. माझं पत्र कुठून निघतं आणि कुठे जाऊन आदळतं हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे, तेव्हा मध्येच वाटेल की ही कसल्या कासवांच्या गोष्टी सांगत बसलीय, पण धीर धरा. तुम्ही आमच्यासाठी तुमच्या शेजारचा फ्लॅट बोलून ठेवलात, डॉयलला धरता यावं म्हणून न्हाणीघरात दांड्या बसवून घेतल्यात, इतकंच काय, पडद्यांचा रंगसुद्धा ठरवलात (मला विचारून ठरवला असतात तर वेगळा ठरला असता, पण तो विषय आज नको). भावासाठी इतकं करणारी बहीण मी पाहिली नाही. हे मी खरंच मनापासून लिहितेय, टोमणा नाही. टोमणे वेगळे आहेत, ते येतील जागेवर.

फेब्रुवारीत खुब्याचं हाड मोडल्यापासून तुमचा भाऊ कसा झाला होता ते मी तुम्हाला फोनवर पूर्ण कधी सांगितलंच नाही. पस्तीस वर्षं ज्या माणसाने पायी टपाल वाटलं, कुत्रे चावले, गारा पडल्या, तरी एक दिवस घरी बसला नाही, तो पेपर उचलायला म्हणून सपातांवर बर्फात गेला आणि फाटकापाशी आडवा झाला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड उत्तम बसलंय, आता फक्त चालायचं. व्यायाम शिकवायला दर मंगळवारी एक गोड मुलगी यायची, ती म्हणायची, मिस्टर डॉयल, दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं. आणि हा म्हणायचा, “कुठं जायचंय मला?” मागच्या ओसरीवरच्या खुर्चीत बसायचा तो उठायचा नाही. वॉकरवर मी टॉवेल वाळत घालायला लागले, म्हणजे बघा. मी त्याला रागावले, चुचकारलं, एकदा तर त्याच्या आवडीचा पीचचा केक मुद्दाम कुंपणाजवळच्या बाकावर ठेवून आले. त्याने तो तिथेच मुंग्यांना खाऊ दिला. तेव्हा वन्सं, तुमच्या फ्लॅटला मी हो म्हटलं ते पडद्यांवर भाळून नव्हे. माझा धीर सुटला होता.

मग मे महिन्यात माझ्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात चोर शिरला. सगळ्या स्ट्रॉबेरी खाल्ल्या असत्या तर मी म्हटलं असतं, भूक लागली असेल बिचाऱ्याला. पण नाही! फक्त सगळ्यात मोठी, सगळ्यात लाल, आणि तीही अर्धीच. मी झाडू घेऊन पाळतीवर बसले, तर पानांखालून निघालं एक कासव. आपलं इथलंच, डब्याचं झाकण लावावं तसं स्वतःला आतून बंद करून घेणारं. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघोट्या, लालभडक डोळे, आणि तोंडाला माझ्या स्ट्रॉबेरीचा रस. मी झाडू उगारला, त्याने झाकण लावलं. मी झाडू खाली घेतला, त्याने झाकण उघडून उरलेली अर्धी खायला घेतली. आणि ओसरीवरून हसण्याचा आवाज आला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा, वन्सं. झाडू हातातच राहिला माझ्या.

डॉयलने त्याचं नाव ठेवलं डीकन. का, तर आपल्या चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन ऑर्विलसारखं ते सगळ्यात उशिरा येतं, सगळ्यात आधी जेवतं आणि कुणी काही विचारलं की डोळे मिटून घेतं. दुसऱ्या दिवशी खाऊन झाल्यावर डीकन निघाला शेडच्या दिशेने, तर हा म्हणतो, “जातो कुठे हा?” मी म्हटलं, मला काय सांगून जातो? तर तुमचा भाऊ उठला. माझे टॉवेल बाजूला फेकले, वॉकर घेतला आणि निघाला कासवामागून. कासव थांबलं की हा थांबायचा, कासव चाललं की हा चालायचा, आणि त्या मंगळवारच्या मुलीने नेमका हाच वेग सांगितला होता! शेडपर्यंत जायला बावीस मिनिटं लागली. जूनपर्यंत दोघं तुतीच्या झाडाखाली पडलेली तुती वेचत होते, एक तोंडाने, दुसरा वाकून. पाऊस पडून गेला की आणखी दोन छोटी कासवं यायची, त्यांना आम्ही गांडुळं आणि माझ्या केकच्या पसरट थाळीत पाणी द्यायचो (हो, तुम्ही लग्नात दिलेलीच थाळी. तिचा इतका उपयोग आजवर झाला नव्हता). वॉकर जाऊन हातात काठी आली.

आणि तेवढ्यात तुमचा कागद आला. मामंजींचं घर, तेव्हा विकायला दोघा भावंडांच्या सह्या हव्यात, हे रीतसरच आहे. डॉयलने कागद वाचला आणि एवढंच म्हणाला, “डीकनचं काय?” आता मी पडले व्यवहारी बाई. म्हटलं, जाण्याआधी त्याची चांगली सोय लावून द्यावी, म्हणजे याचा जीव अडकायला नको. डॉयल दुपारचा झोपला असताना मी डीकनला बुटांच्या खोक्यात घातलं, खाली मऊ म्हणून टेबलावरचे कागद अंथरले, आणि मैलभर लांब चर्चच्या तळ्यावर नेलं. कासव म्हणजे पाणी, एवढं माझं शास्त्र. आपला ब्रदर हॉलिस जिथे लोकांना बाप्तिस्मा देतो त्याच पायरीवरून मी त्याला पाण्यात सोडलं. दगडासारखा तळाला गेला. मग कसाबसा हातपाय मारत काठावर आला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आभार मानतोय.

घरी आले. काही बोलले नाही. डॉयल दुसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रॉबेरी घेऊन पायरीवर बसला. तिसऱ्या दिवशीही बसला. चौथ्या दिवशी खुर्चीत बसला, आणि पाचव्या दिवशी मी वॉकरवर परत टॉवेल घातले. त्या संध्याकाळी शेजारची नेडीन आली, शाळेत चाळीस वर्षं विज्ञान शिकवलेली, तिला मी कॉफी देता देता मोठ्या फुशारकीने सांगितलं की डीकनला मी छानपैकी तळ्यात घर करून दिलं. तिने कपच खाली ठेवला. “आर्डिथ, अगं ते जमिनीवरचं कासव. बुडवायला नेलं होतंस का त्याला?” मग म्हणाली, ही कासवं जन्मतात त्याच आवारात आयुष्य काढतात. उचलून दुसरीकडे नेलं की रुजत नाहीत. घर शोधत चालत सुटतात, मधे हायवे असो नाहीतर आणखी काही. डीकनची पाठ झिजून गुळगुळीत झालीय म्हणजे पन्नाशीच्या पुढचा असणार.

वन्सं, मी हिशेब केला. मी या घरात आले एकोणऐंशी साली. म्हणजे तो माझ्याआधीपासून आहे. तुमच्या आईच्या वाफ्यातल्या स्ट्रॉबेरी खाल्लेला तो, एका अर्थी माझ्या सासरचाच माणूस, आणि कालची आलेली मी, त्याला खोक्यात घालून घराबाहेर काढलं. मला रडूच फुटलं.

सगळं डॉयलला सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “गाडी काढ.” हॉस्पिटलातून आल्यापासून तो गाडीत बसला नव्हता. पण अंधार पडला होता, म्हणून रविवारी सकाळी निघालो. पोचलो तेव्हा प्रार्थना संपून घरोघरचे डबे मांडले जात होते. मी ब्रदर हॉलिसच्या कानात सांगितलं, त्याने टाळी वाजवली आणि म्हणाला, मंडळी, हरवलेल्या मेंढराबद्दल मी आत्ताच तासभर बोललो, आता कासव शोधा. वन्सं, चाळीस माणसं रविवारच्या कपड्यांत गवतात गुडघ्यावर! तळलेली कोंबडी गार झाली, बटाट्याच्या सॅलडवर माश्या बसल्या, पण एकही माणूस कुरकुरला नाही. सगळे हाका मारत होते, डीकन, अरे डीकन! आणि दर हाकेला झुडपातून बिचारा खरा डीकन ऑर्विल ओरडत होता, “अहो, इथेच आहे मी!” मी या लोकांना आजवर बरंच काही बोललेय. ते सगळं मी त्या दिवशी परत घेतलं.

शेवटी ओढ्याकडच्या काटेरी जाळीतून डॉयलचा आवाज आला, सापडला! बघते तर काठी जाळीच्या तोंडाशी चिखलात उभी आणि हा शंभर पावलं आत, हातात कासव. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच्या गळ्यात पडून सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.

घरी आणून कासव धुतलं, तर डोळे तपकिरी, म्हणजे मादी. शेपटीजवळ डीकनच्या पाठीचा टवका उडालाय, तोही नाही. दुसरंच कुणीतरी! मी मूग गिळून बसले. पण नेडीनचं बोलणं डोक्यात होतं, हिचंही कुठेतरी घर असेलच. म्हणून उजाडताच मी तिला खोक्यात घालून हळूच गाडीकडे गेले, तर तुमचा भाऊ टोपी घालून गाडीत आधीच बसलेला. म्हणाला, “मला जाळीतच कळलं होतं. पण तू रडत होतीस.” तिला आम्ही तिच्या जाळीत नेऊन सोडलं. तेव्हापासून डॉयल रोज सकाळी साडेसातला निघतो आणि तळ्यापर्यंत रस्त्याच्या कडेने बघत बघत जातो, डीकन वाटेत असलाच तर गाडीखाली सापडू नये म्हणून. मैल जायचं, मैल यायचं. आत्ताही तिथेच गेलाय. कुठं जायचंय मला, हा प्रश्न त्याने परत विचारलेला नाही.

तर वन्सं, हे आभार. ब्रदर हॉलिसचे, नेडीनचे, चाळीस माणसांच्या मळलेल्या गुडघ्यांचे, आणि तुमचेही. तुमचा कागद आला नसता तर यातलं काहीच झालं नसतं. गुडघ्याला जपा.

तुमची भावजय,
आर्डिथ

ता. क. त्या कागदाबद्दल. खोक्यात मऊ म्हणून अंथरलेल्या कागदांत तो होता. उचलल्यावर कासव घाबरून, तान्ह्या बाळासारखं, काय करतं तुम्हाला माहीत आहे, आणि डीकनने ते नेमकं सहीच्या जागी केलं. मी मुद्दाम अंथरला नाही (शपथ घ्यायला लावू नका). नवा पाठवू नका, एवढंच मागणं आहे. काही जीव उचलून दुसरीकडे ठेवले की रुजत नाहीत, तिथे न्हाणीघरात कितीही दांड्या असोत. त्यापेक्षा तुम्हीच ऑक्टोबरात या. पडदे तुमच्या आवडीचे लावते.

ता. क. २. हे फक्त तुम्हाला. डीकन परत आलाय. नऊ दिवस झाले, आपला आपण चालत आला, शेडमागे उभा होता, अंगभर चिखल आणि चेहरा तसाच उर्मट. डॉयलला मी सांगितलेलं नाही. सांगितलं की तो फिरायचा थांबेल, आणि परत ती खुर्ची मला बघवणार नाही. तो रस्त्याला लागला की मी डीकनला शेडमागे टोमॅटो भरवते. पाप आहे, माहीत आहे मला. त्याच्यापाशी चकार शब्द काढू नका.

ताई, मी डॉयल. आर्डिथने पाकीट बंद करून टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. पस्तीस वर्षांत दुसऱ्याचं पाकीट कधी उघडलं नाही, हे पहिलंच. डीकन आलाय हे मला आठ दिवसांपूर्वीच कळलं. मी परत येतो तेव्हा तिच्या एप्रनवर टोमॅटोच्या बिया असतात आणि चेहरा असा की बँक लुटून आलीय. हिवाळाभर ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची. तिला वाटायचं, ऐकू येत नाही. आता मी फाटकाबाहेर पडलो की ती गुणगुणायला लागते, कोपऱ्यापर्यंत ऐकू येतं. तेवढ्यासाठी दोन मैल काही जास्त नाहीत. तिला सांगू नकोस. कागद पाठवू नकोस. हे पत्र टाकायला चालतच निघालोय.