चांदा पडला त्या रविवारी

भंडारा,
१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

प्रिय कैलाशदादा,

नमस्कार. मोठीआई आता थोडंफार जेवत असेल अशी आशा करते. आमच्याकडे सगळे ठीक, बाबांच्या गुडघ्याचं रडगाणं सुरूच आहे. कारध्याचा पूल ओलांडला की दहा मिनिटांत तुझ्या दारात, तरी पत्र लिहितेय याचं तुला हसू येईल. मोबाइलवर लिहिलं की पाठवायच्या आधीच पुसून टाकते. चार वेळा तसं झालं.

गोलू साकोलीहून विचारत होता, आपला राज्यं जिंकायचा ऑनलाइन खेळ पुढं न्यायचा की बंद करायचा. तुझ्यामाझ्या युद्धात त्याचं हैदराबाद आयतंच मोठं होऊन बसलंय. मी काहीच कळवलं नाही. कॉम्प्युटरवर तो नकाशा तसाच आहे, तुझा चांदा माझ्या नागपूरच्या रंगात.

त्या दुपारबद्दलच लिहायचं आहे. खेळताना फोन बंद ठेवायचा, हा नियम तुझाच. माझ्या तोफांनी चांद्याच्या तटाला भगदाड पाडलं होतं आणि तुझी फौज वैनगंगेपलीकडे अडकली होती. ती परत आणायला तुला वेळ हवा होता. पोळ्याच्या आदल्या रविवारी तू असाच वेळ काढला होतास, आठवतं? "बाबाले चक्कर आली, थांब" असं खेळातल्या चॅटवर लिहिलंस. मी खेळ थांबवला, आणि तेवढ्यात तू सगळ्या फौजांना हुकूम देऊन ठेवलेस. संध्याकाळी खुद्द मोठेबाबाच फोनवर हसत म्हणाले, "मले काई नाई झालं बाई, पोट्टा पक्का लबाड आहे."

मोठेबाबांच्या तेरवीला मी रडत होते, तर उलट तूच माझी समजूत घालायला जवळ येऊन बसलास. म्हणालास, "तुले मेसेज दिसलाच नसन, गुंजन. लढाईत कोन पायते?"

मी मान हलवली.

दादा, मला मेसेज दिसला होता.

"बाबा आंगनात पडले. गाडी घेऊन ये." मी पूर्ण वाचला. मनात म्हटलं, या वेळी नाही फसणार, आणि चॅट बंद केली. आमची गाडी दारातच उभी होती, चावी माझ्या टेबलावर. मी चांदा घेत बसले. शेजाऱ्यांच्या पिकअपमधून तू मोठेबाबांना दवाखान्यात आणलंस तोवर पाऊण तास गेला होता. अर्धा तास आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर माझ्या बाबांना म्हणाले तेव्हा मी तिथेच उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

तुझ्या जुन्या थापेची आठवण मी मुद्दाम काढली. तेवढ्या ओळी स्वतःला वाचवायला लिहिल्या. पण खोडत नाही, मी कशी आहे ते तुला कळू दे.

दिवाळीला बाबा दुखवटा काढायला येतील. मोठीआईचा निरोप आलाय, पहिली पणती गुंजनच्या हातनं लागू दे. तिला काहीच ठाऊक नाही. मी यायचं की नाही, तू सांग. नको म्हणालास तर ताप आलाय असं कळवीन, तेवढं आणखी एक खोटं. ये म्हणालास, तर पणतीच्या आधी मोठीआईला हे सगळं मीच सांगेन.

मेसेज वाचून चॅट बंद करणारी,
गुंजन