मोडायचा बोल्ट

हाउताला फार्म, कीविनॉ, मिशिगन
१४ ऑक्टोबर १९९६

चि. हिल्मास,
रेइनोदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. संत्र्यांची पेटी पोचली. सायमाला आता संत्रं चालत नाही, त्यामुळे मी खातो, ती बघते आणि मला शिव्या घालते. तुझ्या फ्लोरिडाचं तेवढंच सुख आमच्या वाट्याला.

तिच्या दुखण्याचं तुला अर्धवट कळलंय, म्हणून नीट सांगतो. तिची मूत्रपिंडं थकली आहेत. आठवड्यातून तीन सकाळी शहरात नेऊन यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागतं. खेप चुकली तर काय होईल ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. त्यांचं म्हणणं, घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट हिवाळाभर उघडी राहील अशी खात्री असेल तरच सायमाला घरी ठेवा, नाहीतर शहरातल्या शुश्रूषागृहात खोली घ्या. सायमाने विचारलं की त्या खोलीत माझा सतरंज्या विणायचा माग मावेल का. बाई हसल्या. सायमा काही हसली नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरा विषय नाही. शेजारच्या तौनोच्या ट्रकला बर्फ लोटायचं पातं आहे, पण त्याचा उपयोग नाताळपर्यंत. पुढे वाटेच्या कडेचे ढीग डोक्यावर जातात आणि लोटायला जागाच उरत नाही. बर्फ उचलून लांब भिरकावणारा ब्लोअरच पाहिजे. माझ्या छोट्या ट्रॅक्टरला तो तीन तऱ्हांनी लागतो. पुढे लावला तर उत्तम, समोर बघत जायचं. पण त्याला ट्रॅक्टरच्या पोटाखाली फिरता दांडा लागतो आणि माझ्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरला तो नाही. मागे लावून ओढत न्यायचा, तर आपल्याच चाकांनी आधी बर्फ तुडवायचा. कमरेएवढ्या बर्फात ट्रॅक्टर रुतून बसणार. राहिला तिसरा, मागे लावून उलटं चालवायचा. मजबूत आणि साधा. पण सगळा वेळ मान मागे वळवून बसायचं, आणि माझी मान जंगलात लाकूड तोडताना पडलेल्या त्या फांदीने कायमची सरळ करून ठेवली आहे. सायमा म्हणते, लग्नानंतर तुम्ही मान वळवून कुणाकडे बघितलं नाहीत, आता काय बघणार.

तुझं मत कळव. तू ऐकायला आवडेल असं काही लिहिणार नाहीस, ते मला ठाऊक आहे. लोभ आहेच, तो पाण्यात भिजू देऊ नकोस.
तुझा
दादा

लेक वर्थ, फ्लोरिडा
२८ ऑक्टोबर १९९६

ति. दादास,
हिल्माचा सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून हसावं की डोकं आपटावं कळेना. ब्लोअर पुढे लावावा की मागे, हा प्रश्न सत्तरी उलटलेल्या, मान न वळणाऱ्या माणसाने फ्लोरिडात राहणाऱ्या बहिणीला विचारावा! मी अंगणातली वाळू झाडते रे, बर्फ नव्हे.

तरी विचारलंस म्हणून सांगते. तो म्हातारा ट्रॅक्टर विकून टाक आणि पोटाखाली दांडा असलेला घे. नाहीतर त्याहून सोपं, दोघं इथे या. रक्त धुवायचं केंद्र माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. वाफेच्या आंघोळीला सौना आहे, आपली फिनिश माणसं आहेत, कॉफीबरोबर वेलदोड्याचा पाव मिळतो, अगदी आईच्या हातचा नसला तरी. वहिनीचा माग मी गॅरेजमध्ये बसवते, गाडी उन्हात राहील. तिला तू विचारलंस तरी का? की विचारून, उत्तर ऐकायच्या आत बाहेर निघून गेलास, बाबांसारखा?

रागावू नकोस. काळजी वाटते म्हणून टोचते. वहिनीला माझा नमस्कार सांग. इथे दारं सताड उघडी आहेत, एवढं विसरू नका.
तुझी
हिल्मा

हाउताला फार्म, कीविनॉ
३० नोव्हेंबर १९९६

चि. हिल्मास,
अनेक आशीर्वाद. विचारलं बरं का, आणि उत्तर संपेपर्यंत बसून राहिलो. सायमाचं म्हणणं असं की हिल्माला सांग, तुझे उपकार आहेत. पण मी गॅरेजमध्ये बसून विणणार, समोर ऊन आणि ताडाची झाडं, तर माझ्या सतरंजीत रंग कुठले येतील देव जाणे. मग गंभीर होऊन म्हणाली की मला ह्या खिडकीतून सौनाचा धूर दिसला पाहिजे, बाकी काही नको. आता सांग, मी काय करायचं?

मागे लावायचाच घेतला. ट्रॅक्टर विकवला नाही माझ्याच्याने. मानेवर तोड काढली आहे. सायमाच्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा काढून चाकाच्या पत्र्यावर बसवला. आरशात बघत बघत उलटा जातो, अगदी झकास. ती बिचारी कॉफीच्या किटलीत बघून भांग पाडते आणि सगळ्यांना सांगते की हे आजकाल दिवसभर आरशासमोर असतात. तौनो तर बर्फात बसकण मारून हसला. बर्फ उडतो मात्र असा की बघत राहावं. आतापर्यंत तिची एकही खेप चुकलेली नाही.

एकच कटकट होती. ह्या यंत्राच्या दांड्यात एक मऊ लोखंडाचा बोल्ट असतो. पात्यात बर्फाचं ढेकूळ आलं की हा पठ्ठ्या ताडकन मोडतो. मग खाली उतरा, हातमोजे काढा, उघड्या बोटांनी तुकडा ठोकून काढा, नवा घाला. थंडीत माझी बोटं ऐकत नाहीत गं. एका सकाळी दोनदा मोडला, सायमा कोट घालून दाराशी उभी, आणि मी तिथे बोटं चोळत रडकुंडीला आलेलो. शेवटी बाबांच्या डब्यातला पोलादी बोल्ट ठोकून दिला. तेव्हापासून ब्र नाही. असला नाजूक बोल्ट बनवणाऱ्याने कीविनॉचा हिवाळा बघितलेला नसणार.

सायमाचा दुसरा धोशा सतरंज्यांचा. चांगला कोरडा बर्फ पडला की त्या बर्फावर पालथ्या टाकून बडवून द्यायच्या आहेत, म्हणजे धूळ बर्फात उतरते. आजवर ती करायची, आता मी करणार. तुझी माया अशीच ऊबदार राहू दे.
दादा

लेक वर्थ, फ्लोरिडा
१२ डिसेंबर १९९६

ति. दादास,
सा. न. वि. वि. आरशाचं वाचून शेजारणींना बोलावून सांगितलं, सगळ्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. पण त्या बोल्टाचं वाचलं आणि माझं हसू मावळलं.

मी आपली हार्डवेअरच्या दुकानात जाऊन विचारून आले. तिथला म्हातारा ओहायोचा निघाला, त्याला सगळं ठाऊक. तो म्हणाला, बाई, तो बोल्ट मोडण्यासाठीच असतो. तो मोडतो म्हणून बाकीचं वाचतं. कठीण घातला तर त्याच्याऐवजी दुसरं काहीतरी मोडणार, आणि ते हातमोजे काढून दुरुस्त होणार नाही. तुझ्या ब्लोअरचं माप मला कुठलं माहीत, पण तू मागच्या पत्रासोबत पाठवलेल्या फोटोवरून त्याने अंदाज बांधला आणि पुडी बांधून दिली. फ्लोरिडातून कीविनॉला ब्लोअरचे बोल्ट पाठवणारी मी पहिलीच असेन. लाल लोकरीने बांधली आहे, म्हणजे हरवणार नाही.

दादा, मी तुला चांगली ओळखते. पुडी खिशात ठेवशील आणि म्हणशील की बघू. बघू नकोस, आजच्या आज घाल. आपल्या घरात मोडलेलं कुणाला सोसतच नाही, माणूस मोडला तरी लपवून ठेवतो. नाताळ सुखाचा जावो. वहिनीला गालावर एक मुका, तुला नाही.
हिल्मा

हाउताला फार्म, कीविनॉ
१९ जानेवारी १९९७

चि. हिल्मास,
आशीर्वाद. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. फोनवर मला बोलता येत नाही आणि आता तर मुळीच येणार नाही. लिहितो.

गेल्या आठवड्यात छान कोरडा बर्फ पडला. सायमाने सांगितलं म्हणून सतरंज्या बाहेर नेल्या, वाटेच्या कडेला पालथ्या टाकल्या, बडवल्या. इतक्यात तौनो आला, त्याच्याशी बोलत राहिलो. आत आणताना एक राहिली. निळी, तिने माझ्या साठीला विणलेली. सकाळपर्यंत सरोवरावरून वादळ आलं आणि वाट कुठे, अंगण कुठे, काही कळेना. आरशात नुसतं पांढरं. पात्याने सतरंजी ओढून घेतली आणि गुंडाळली. मऊ बोल्ट असता तर ताडकन मोडला असता आणि मी शिव्या देत खाली उतरलो असतो. पोलादी मोडला नाही. गिअरबॉक्स दुभंगला. तुझी पुडी तेव्हा माझ्या कोटाच्या खिशात होती. लाल लोकर सोडलीसुद्धा नव्हती.

तो तिच्या खेपेचा दिवस. तौनोच्या ट्रकने दोनदा धडक दिली, वाटेत शिरता येईना. शेवटी सायमाला गोधड्यांत बांधून लाकडं ओढायच्या घसरगाडीवर घातली, आणि मी बर्फावर चालायचे जाळीदार जोडे घालून ओढत मोठ्या रस्त्याला नेली. वाटेत ती म्हणाली, सतरंजी मीच टाकायला लावली. मी गप्प बस म्हणालो आणि ओढत राहिलो. तिला उशीर झाला, छातीत पाणी झालं. वाचली. पण डॉक्टरीणबाईंनी तिला शुश्रूषागृहात ठेवलं आहे. वाट पुन्हा पूर्ण उघडली आणि उघडी राहिली तरच घरी पाठवेन म्हणाल्या.

गिअरबॉक्सचा सुटा भाग फेब्रुवारी उलटल्याशिवाय येत नाही. तौनो म्हणतो, माणसं गोळा करतो. मी नको म्हणालो. मीच केलं, मीच उघडीन. पत्र्याचं मोठं फावडं घेऊन रोज लागतो. दिवसभरात जेवढं उघडतो तेवढं सकाळपर्यंत परत अर्धं भरतं. घरात माग आहे, त्यावर अर्धी सतरंजी आहे, मी तिकडे जात नाही. हिल्मा, मला फार एकटं वाटतं गं. मी आजवर असं कधी लिहिलं नव्हतं. हे वाचून फोन करू नकोस, पत्र लिही.
दादा

शुश्रूषागृह, हँकॉक
९ मार्च १९९७

ति. सौ. वन्संना,
सायमाचा शि. सा. न. वि. वि. मी तुमच्याशी फोनवर जेवढं बोलले तेवढंच बोलता आलं. तुमचं विमान रद्द झालं त्याचा सल धरू नका. तुम्ही काय करणार होतात, आभाळच फाटलं होतं. म्हणून तेव्हाचं सगळं आज लिहिते. पडल्या पडल्या लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

हे रोज फावडं लोटत होते. रविवारी मला भेटायला आले तेव्हा हाताला पट्ट्या. मी म्हटलं, पुरे झालं, इथे माझं बरं चाललंय. खोटं बोलले हो. त्यांना कळलं. म्हणाले, थोडीच राहिली आहे, त्या वाकड्या मेपलच्या झाडापर्यंत आलोय. मंगळवारी सकाळी तौनोला ते मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी सापडले. फावड्याच्या मुठीवर डोकं टेकून बसलेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. मागे वळून बघितलं तर घरापासून तिथपर्यंत सगळी वाट उघडी. माणूस फावडं घेऊन जाईल इतकीच रुंद, पण उघडी. त्यांना त्याच वाटेने आणलं, घसरगाडीवर, मला नेलं होतं त्याच.

डॉक्टरीणबाईंनी मला दोन दिवसांसाठी घरी सोडलं. अंत्यविधीनंतर सगळी घरी कॉफीला आली, वेलदोड्याचे पाव घेऊन. तौनोच्या बायकोने विचारलं की मागावरची सतरंजी कापून काढू का. मी म्हटलं, राहू दे. मी परत इथे आले. वाट आता मोकळी असली तरी काय, तिथे कोण आहे मला गाडीत बसवायला? तुमच्याकडे या म्हणता, मी येईन असं वाटत नाही. राग मानू नका.

एक सांगायचं राहिलं. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी ब्लोअरचा तो सुटा भाग आला. मी अजून घरीच होते. तौनोने कुणालाही न विचारता बसवला. ह्यांचा कोट मी मांडीवर घेऊन बसले होते, खिशात तुमची पुडी होती, लाल लोकरीची गाठ तशीच. ती मी तौनोला दिली. बोल्ट मापाचे निघाले. खिडकीतून मी बघत होते. तौनोने जरा पुढे नेलं, पात्यात बर्फाचं ढेकूळ आलं, आणि बोल्ट ताडकन मोडला. बाकी काही झालं नाही. तौनो खाली उतरला, हातमोजे काढले, तुकडा ठोकून काढला, तुमच्या पुडीतला दुसरा घातला. वन्सं, माझ्या कपातली कॉफीसुद्धा तोवर गार झाली नव्हती. मग तो ट्रॅक्टरवर चढला आणि नुसताच बसून राहिला. चाकावरच्या माझ्या आरशात मला त्याचं तोंड दिसत होतं. तो रडत होता.

तुमच्या भावावर तुम्ही केलीत तशी माया माझ्यावरही असू द्या. आता माझं तेवढंच आहे.
तुमची
सायमा