सातशे सातच्या खिडक्या

नार्वे, डिचोली
श्रावण, १९८७

प्रिय अभिजीत,

तुझं पत्र आणि त्यातला विमानाचा फोटो पोचला. उत्तराला उशीर झाला, कारण तो फोटो माझ्या हातात फार थोडा वेळ राहिला. तुझ्या बाबांनी तो सोप्यावर नेला, उजेडाकडे धरला, मग डोळ्यांच्या अगदी जवळ आणला आणि बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "सगळीं जनेलां धांपल्यांत." आणि फोटो खिशात घालून माडांकडे निघून गेले. जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला. मला वाटलं, रागात आहेत.

तू लिहिलंस की खिडक्या झाकल्या, कारण आता त्या विमानाला त्या नकोतच, आत माणसं बसणार नाहीत, नुसत्या टाक्या असतील. खरं असेल. पण मी त्याच्याकडे खिडकीतूनच पाहत आले आहे. बोइंग सातशे सात आपल्याकडे नवीन होतं तेव्हा तुझे बाबा मुंबईला त्याच्या इंजिनांवर काम करत होते आणि कंपनीच्या पासावर आम्ही दोघं माझ्या बहिणीकडे नैरोबीला गेलो. मला खिडकीची जागा मिळाली होती. पहाट व्हायची होती. खाली ढग इतके संथ होते की मयेच्या तळ्यावर धुकं उतरावं आणि तळं कुठे संपतं ते कळू नये, तसं वाटत होतं. मग कडेने केशरी रेघ उमटली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला स्वर्गाबद्दल सांगायच्या, त्यात खिडक्यांचा उल्लेख कधी नव्हता. मला वाटलं, राहून गेला असेल. तू तेव्हा पोटात होतास. ती पहाट आपण दोघांनी मिळून पाहिली, असं मी मनाशी धरून चालते. फोटोतलं विमान तेच असेल असं नाही. पण मला ते आपलंच वाटतं.

त्या विमानांचं पुढे काय काय झालं ते तू लिहिलं आहेस, ते मी सवडीने पुनःपुन्हा वाचते. कुठल्या देशात ते सैन्याच्या कामाला लागून राष्ट्राध्यक्षांना घेऊन फिरतं. कुठे पाठीवर भलीमोठी फिरती थाळी घेऊन दूरदूरची विमानं हेरतं. आफ्रिकेतल्या लढाईवर पोर्तुगालने आपली पोरं त्यातूनच पाठवली, हे वाचून मला आमच्या शाळेसमोरून जाणारे गोरे सोल्दाद आठवले, मिसरूडही न फुटलेले. आणि तुमच्या कारखान्यात ते टँकर बनतं. आभाळात उडता उडता लढाऊ विमानांना इंधन पाजतं. गाईने चालता चालता वासराला पाजावं तसं मला दिसलं. मी ते बाबांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. ते दोर वळायला रानातल्या केवणीची साल सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "दूद दिता तें खरें. पूण तें वासरूं खंय वता, तें कोण पळयता?"

ते वासरू पुढे कुठे जातं, हा प्रश्न मी तुझ्याकडेच पाठवते आहे, अभी. उत्तर सुचत असेल तर ते तू त्यांना सांगावंस. ते ऐकतील की नाही माहीत नाही, पण इथे माझ्याशी बोलून त्यांचं समाधान होत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. गोवा राज्य झालं, डिचोलीत मिठाई वाटली. कोंकणी राजभाषा झाल्यापासून आमच्या शाळेतल्या शिक्षकांचे दोन तट पडले आहेत आणि दोन्हीकडचे माझ्या डब्यातलं लोणचं मात्र खातात. बाबा म्हणतात, आपलं भांडणच नाही. घरात कोंकणी, पत्रात मराठी आणि इंजिनाशी इंग्रजी. पेंशन घेतल्यापासून इंजिनाशी बोलणं बंद आहे, म्हणून पंपाशी बोलतात.

गेल्या चवथीचं मी आजवर काही लिहिलं नाही. गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या चौकटीला तोरिंग, चिबूड, सुपारीचे घोस, रानातली कांगलं बाबांनी बांधायची आणि मधला नारळ तू, हे तू त्यांच्या खांद्यावर बसत होतास तेव्हापासूनचं. टँकरच्या या नोकरीचं तू आदल्याच दिवशी सांगितलं होतंस. त्यांना ते रुचलं नव्हतं आणि तुला घाई होती. ओली केवण हातातून निसटायला लागली तेव्हा तू बॅगेतून विमानाची लॉकवायर काढलीस आणि नारळ तिने बांधलास. बोल्ट सुटू नयेत म्हणून तार पिळतात तशी, सुबक. माटोळीला रानातल्या सालीखेरीज काही लावत नाहीत, हे तुला ठाऊक होतं. ती पीळ घालायची कला तुला त्यांनीच शिकवली, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी स्टूल ओढलं, तार उलगडली आणि नारळ केवणीने पुन्हा बांधला. विसर्जनाआधीच तू निघालास. वाद तारेचा नव्हता, हे मला कळत होतं. पण मी तेव्हा पातोळ्यांच्या वाफेत उभी राहिले.

ती तार मला वाटलं फेकली असेल. परवा त्यांचा सदरा धुवायला घेतला, तर खिशात तुझा फोटो आणि ती तार. तेव्हापासून मी पाहते आहे, सोप्यावर बसून ते डोळे मिटून तार पिळतात, उलगडतात, परत पिळतात. काल आपणहून म्हणाले की तुझा पीळ थोडा जास्त झाला होता, पण हात बरोबर आहे.

डोळे मिटून का, ते सांगायलाच हे पत्र. त्यांना काचबिंदू आहे. म्हापशाचे डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते टिकवायला थेंब. कडेचं सगळं गेलंय. समोर एवढंसं गोल उरलंय, विमानाच्या खिडकीएवढं, आणि तेही लहान होत चाललंय. चौकटीला खांदा त्यामुळे लागला होता. तुला कळवायचं नाही, अशी त्यांनी मला ताकीद दिली आहे. यंदाची माटोळी ते बोटांनी चाचपून बांधणार आहेत. तू नोकरी सोड असं मी लिहीत नाही. त्या गोलात तुझा चेहरा मावतोय तोवर समोर येऊन बस आणि काय भांडायचं ते भांड. तुझा काका गुरुदास म्हणाला, यंदा मधला नारळ मी बांधतो. बाबांनी केवणीचा एक लांब दोर वेगळा काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "मदलो नाल्ल उरूं दी."

तुझीच,
आई